पावसाळ्यातला खुराक

कोल्हापूरकडे कुस्तीचा हंगाम सुगीनंतर रंगात येतो. गावोगावच्या जत्रा-उरुसांत मैदानं भरतात, इनामाच्या लढती उन्हाळाभर चालतात आणि पाऊस लागला की उघड्यावरची मैदानं थांबतात. पैलवानाची कमाई आटते, मेहनत मात्र चालूच राहते. पहाटे अंधारात जोर-बैठका, मग तेल, ताक, हळद, लिंबू घालून मुरवलेल्या लाल मातीत लढत आणि दुपार कलल्यावर पुन्हा मेहनत. या चार महिन्यांत अंग ढिलं सोडणाऱ्याला तालमीत कुणी माफ करत नाही, आणि ते योग्यच आहे. पण या शिस्तीचं सारं श्रेय जिद्दीला देताना तिचा खर्च कोण उचलत होतं, हे आपण विचारत नाही.

हा खर्च कुणीतरी उचलावा लागतो, हे कोल्हापूर संस्थानच्या शाहू महाराजांनी ओळखलं होतं. त्यांनी बांधलेलं, १९१२ मध्ये पूर्ण झालेलं खासबाग मैदान सर्वांना दिसतं. पण मैदान वर्षातून मोजकेच दिवस भरतं. कुस्ती जगली ती दरबारानं तालमींना दिलेल्या आश्रयावर आणि मल्लांना लावून दिलेल्या खुराकावर. दूध, तूप, बदामाची थंडाई हंगाम पाहून थांबवता येत नाही. १ मार्च १९४९ रोजी संस्थान विलीन झालं आणि हा आधार सुटला. पैलवान खाशाबा जाधवांना १९४८ च्या लंडन ऑलिंपिकला पाठवायला कोल्हापूरचे महाराज होते. १९५२ मध्ये हेलसिंकीला जाण्यासाठी लोकवर्गणी जमवावी लागली, त्यांच्या कॉलेजच्या प्राचार्य खर्डेकरांना आपलं घर गहाण टाकावं लागलं. तिथून खाशाबांनी कांस्यपदक आणलं.

यावर कुणी म्हणेल, गरिबाघरचीच पोरं मोठे मल्ल झाली, मग आश्रय हवाच कशाला? झाली, पण त्यांच्या वाटचं दूध घरानं विकलं नाही, म्हणजे खर्च घरानं सोसला. ज्यांच्या घराला तो झेपला नाही ती पोरं औताला परतली, त्यांची नोंद कुठल्याच तालमीत नाही. आयता खुराक मिळाला की पैलवान सुस्तावतो, हा आक्षेप जास्त खरा आहे. त्यावर उपाय आहे तो वस्तादाचा धाक. खुराक तोडणं हा नव्हे. आज एका लढतीवर लाखांचं इनाम लावलं जातं. त्यातला वाटा आषाढ-श्रावणातल्या खुराकासाठी राखून ठेवावा. पैलवानानं बारा महिने घाम गाळावा असं ज्यांना वाटतं, त्यांनी त्याला बारा महिने पोसलंही पाहिजे.