हॅश, खिमा आणि चिवडणे

हॅश म्हटले की पुष्कळांना आधी हशीश आठवते. ते अरबी, मूळ अर्थ वाळलेले गवत. त्याचा इथे काही संबंध नाही. संगणकातल्या हॅशचे माहेर फ्रेंच स्वयंपाकघर. 'आश' म्हणजे कुऱ्हाड, 'आशे' म्हणजे बारीक तुकडे करणे, आणि तुकडे करून परतलेले मांस ते इंग्रजी हॅश. जुन्या नकाशांत डोंगरउतार दाखवणाऱ्या बारीक रेघाही याच कुऱ्हाडीच्या.

आपल्या खिम्याचा प्रवास थेट याला समांतर दिसतो. तुर्की 'कियमक' म्हणजे बारीक चिरणे. त्यावरून 'कियमा', मग फारसी वाटेने कीमा. 'क'चा 'ख' आपण केला. घशातून येणारा तो 'क़' मराठी कानाला तसा ऐकू आला असावा.

संगणकात हॅश म्हणजे मजकुराचे बाइट चिरून-मिसळून काढलेला एक आकडा, ज्यावरून नोंदीची जागा ठरते. ही कल्पना हान्स पेटर लून यांची, आयबीएममधल्या जानेवारी १९५३च्या टिपणातली. हॅश हा शब्द मात्र छापील लिखाणात रुळला तो १९६८मध्ये रॉबर्ट मॉरिस यांच्या लेखानंतर, आणि गंमत अशी की त्या लेखाच्या शीर्षकात चिरणे नाही, विखुरलेली साठवण आहे. जर्मनांनीही विखुरण्याचीच बाजू घेतली: हॅशला ते 'श्ट्रॉयवेर्ट'ही म्हणतात. त्यातला 'श्ट्रॉय' आणि आपल्या 'विस्तार'मधला 'स्तृ' धातू दूरचे भाऊबंद असावेत.

पण नुसते चिरून भागत नाही. 'नव' आणि 'वन' घ्या. बाइटांची बेरीज केली तर दोन्ही एकच. म्हणून फाउलर, नोल आणि व्हो यांच्या कृतीच्या एका प्रकारात प्रत्येक बाइट आधी चालू आकड्याशी एक्सॉर होतो, मग सगळ्याला १,६७,७७,६१९ने गुणतात. हा आकडा म्हणजे दोनाचा चोविसावा घात, अधिक २५६, अधिक १४७. बत्तीस बिटांबाहेर सांडेल ते सांडू द्यायचे. सी भाषेतले अनसाइन्ड अंक हे मुकाट्याने करतात. रस्ट भाषेची डीबग बिल्ड साध्या गुणाकाराला तिथेच आडवी पडते, म्हणून 'रॅपिंग_मल' असे स्पष्ट लिहावे लागते.

सीचा 'कॅर' हा अक्षरांचा प्रकार आणखी कपटी. देवनागरीचे प्रत्येक अक्षरचिन्ह यूटीएफ-८मध्ये तीन बाइटांचे, पहिला नेहमी २२४. इंटेलवर 'कॅर' बहुधा साइन्ड, म्हणजे तोच बाइट उणे ३२. आर्मवर बहुधा २२४च. माझ्या शब्दसूचीत मीच हा घोळ घातला होता: रोमन नोंदी दोन्ही यंत्रांवर जुळल्या, देवनागरी एक जुळेना. अनसाइन्ड लिहिल्यावर मिटले.

ऑस्टिन अ‍ॅपलबी यांच्या २००८च्या 'मर्मर' या हॅशने तर मला चांगलेच फसवले. संस्कृतात मर्मर म्हणजे पानांची सळसळ, लॅटिन 'मुर्मुर' तिचाच भाऊ. मी व्युत्पत्ती जवळजवळ लिहूनही टाकली होती. प्रत्यक्षात मल्टिप्लायचा 'म' आणि रोटेटचा 'र', दोनदा. नावातच कृती.

आणि ती कृती पाहिली की खिमा हा शब्द जरा लंगडा वाटतो. विषम अंकाचा गुणाकार बत्तीस बिटांच्या चौकटीत उलटवता येतो, फिरवलेले बिट परत फिरवता येतात. या एकेका पायरीत काहीच कापले जात नाही, सगळे फक्त ढवळले जाते. आपल्याकडे याला चिवडणे म्हणतात. चिवडा त्यातून आलेला नसावा, तो 'चिपिट' म्हणजे पोह्यांच्या घरचा दिसतो. पण जेवायला कंटाळलेले पोर ताटात जे करते ते हेच.