ब्रेक आपल्याशी कसे बोलतात?

आजची गोष्ट जुनी आहे, पण तिचा उपयोग तुमच्या दारातल्या गाडीला आहे.

ऑगस्ट 1888. जर्मनीतल्या मानहाइमहून बर्था बेंझ दोन मुलांना घेऊन फोर्त्सहाइमला, म्हणजे माहेरगावी निघाल्या. वाहन होतं पती कार्ल बेंझ यांनी बनवलेली तीनचाकी मोटार, आणि अंतर सुमारे शंभर किलोमीटर. वाटेतल्या उतारांवर ब्रेकचे लाकडी ठोकळे झिजले. बर्थाबाईंनी एका मोच्याकडून त्यांवर चामडं ठोकून घेतलं. ब्रेक लायनिंगची सुरुवात इथून मानतात.

ब्रेकचं मर्म यातच आहे. चाक थांबवायचं तर काहीतरी झिजणारच. मग जो भाग सहज बदलता येईल, तोच झिजू द्यायचा. प्रश्न एवढाच, की तो संपत आलाय हे कळणार कसं?

बर्थाबाईंचे ठोकळे उघड्यावर होते, झीज डोळ्यांना दिसायची. 1902 मध्ये लुई रेनो यांनी ड्रम ब्रेक आणला आणि झीज झाकली गेली. आता ती पायाला आणि हाताला कळू लागली: पेडल जास्त खाली जातं, हँडब्रेक जास्त ओढावा लागतो.

1920च्या दशकात मोटारींमध्ये हायड्रॉलिक ब्रेक आले. तेलाच्या दाबाने ब्रेक लागू लागले, तशा नव्या खुणाही आल्या. पेडल स्पंजासारखं मऊ लागलं, तर बहुधा तेलात हवा शिरलेली असते. दाबून धरलेलं पेडल हळूहळू खाली जात राहिलं, तर गळतीची शंका घ्या. शिवाय हे तेल हवेतली ओल शोषतं. लांब उतारावर ब्रेक तापले की त्या पाण्याची वाफ होते, आणि पेडल दाबूनही गाडी थांबत नाही. म्हणून तेल ठरल्या वेळी बदलायचं.

1953 साली डिस्क ब्रेक लावलेल्या जॅग्वारने ल मान्सची शर्यत जिंकली, आणि पुढे डिस्क साध्या गाड्यांतही आल्या. त्यांच्या पुष्कळ पॅडना एक लहानशी पोलादी पट्टी असते. पॅड पातळ झाला की ती डिस्कला घासून किंचाळते. म्हणजे तो आवाज बिघाडाचा नसून मुद्दाम बसवलेली सूचना आहे! तिच्याकडे दुर्लक्ष केलं, तर पुढे खरखर ऐकू येते. तेव्हा धातूवर धातू घासत असतो आणि डिस्कही खराब होते. ब्रेक दाबल्यावर गाडी एका बाजूला ओढत असेल किंवा पेडल थरथरत असेल, तरीही मेकॅनिककडे जा.

बोरघाट असो, उटी असो वा शिमला, उतरताना खालचा गिअर ठेवा. आणि ब्रेक किंचाळला, तर रेडिओचा आवाज वाढवू नका.