सोनेरी बुधल्याची पेढी

लंडनच्या फ्लीट स्ट्रीटवर ३७ क्रमांकाच्या इमारतीपाशी एक सोनेरी बुधला दिसतो. घरांना क्रमांक नसत त्या काळी दुकानदार अशी चिन्हे टांगीत. रिचर्ड होअर या सोनाराने १६७२ साली चीपसाइड भागात धंदा मांडला तेव्हाचे त्याचे चिन्ह हे. १६९० साली पेढी फ्लीट स्ट्रीटला आली, बुधलाही बरोबर आला. आणि आजही ती होअर घराण्याच्याच हाती आहे.

१६७२ हे साल सोनारांना मोठे अशुभ. लंडनचे सोनार लोकांची अनामत ठेवून घेत आणि तीच रक्कम व्याजाने राजाला देत. त्या वर्षाच्या आरंभी दुसऱ्या चार्ल्सने खजिन्यातील कर्जफेडच थांबविली, आणि कित्येक मातबर पेढ्या धुळीस मिळाल्या. दरबाराला कर्ज देणाऱ्या सावकाराचे पुढे काय होते, हे मराठी वाचकास निराळे सांगावयास नको! गमतीची गोष्ट अशी, की त्याच चार्ल्सची राणी, जिच्या आंदणात मुंबई इंग्रजांकडे आली ती कॅथरीन, होअरच्या खातेदारांत होती. सॅम्युएल पेपिस, कवी ड्रायडन आणि पुढे जेन ऑस्टेन यांचीही खाती येथे होती. परंतु पेढीचा खरा आधार होता तो जमीनजुमला बाळगणाऱ्या घराण्यांचा. बापाचे गहाणखत, मुलीचा हुंडा, धाकट्या मुलाचे कर्ज हे सारे एकाच खतावणीत उतरे, आणि त्याचा शब्दही बाहेर फुटत नसे.

हा विश्वास कशावर उभा होता? पेढी बुडाली तर भागीदारांचे घरदार, शेतीवाडी सर्व काही देण्यात जाणार, या एका गोष्टीवर. लोक याला सचोटी म्हणत आले आहेत. मला मात्र ती सचोटीपेक्षा सावधपणाची शाळा वाटते, आणि त्याचा पुरावा १७२० सालात सापडतो.

त्या वर्षी साउथ सी कंपनीच्या भागांनी इंग्लंडला वेड लावले. जानेवारीत सुमारे १२८ पौंडांवर असलेला भाग उन्हाळ्यात हजाराच्या घरात गेला आणि वर्षअखेरीस कोसळून बराचसा मूळ पदावर आला. कंपनीचा प्रत्यक्ष व्यापार म्हणाल तर स्पॅनिश वसाहतींना आफ्रिकी गुलाम पुरविण्याचा. तेव्हा पेढीचा कारभार रिचर्डचा मुलगा हेन्री पाहत होता. हा धर्मनिष्ठ गृहस्थ; वेस्टमिन्स्टर रुग्णालयाच्या संस्थापकांपैकी एक; घराण्यात त्याला 'सज्जन हेन्री' म्हणतात. याच सज्जनाच्या पेढीने ते भाग घेतले, वेळीच विकले आणि २८ हजार पौंडांहून अधिक नफा गाठीस बांधला.

आता यात दैवाचा भाग किती? पीटर टेमिन आणि हान्स-योआखिम फोथ या अर्थशास्त्रज्ञांनी पेढीच्या जुन्या खतावण्या तपासून २००४ साली जो निबंध प्रसिद्ध केला, त्यावरून दिसते की फारसा नाही. हेच भाग कोणी तारण म्हणून आणले, की पेढी त्यांची किंमत बाजारभावापेक्षा पुष्कळच कमी धरी. म्हणजे भाव फुगला आहे हे गल्ल्यावर बसलेल्यांना कळत होते. तरीही वेड टिकेल तोवर ते स्वतः भाग घेत राहिले. गिऱ्हाइकांची गुपिते राखणाऱ्या वह्यांनी पावणेतीनशे वर्षांनंतर पेढीचेच गुपित सांगितले. त्या वह्या जपून ठेवून अभ्यासकांपुढे उघडणाऱ्या वंशजांचे मात्र कौतुक केले पाहिजे.

एकोणिसाव्या शतकात मर्यादित जबाबदारीच्या बँका आल्या. १८७८ साली सिटी ऑफ ग्लासगो बँक बुडाली तेव्हा तिच्या बहुसंख्य भागधारकांचे दिवाळे वाजले. कारण जबाबदारी अमर्यादित होती. त्यानंतर शहाण्या बँकांनी मर्यादेचा आसरा घेतला. होअर घराण्याने घेतला नाही. १९२९ साली भागीदारीची कंपनी झाली, तीही अमर्यादित जबाबदारीची.

घराण्याचे स्टूरहेड येथील विख्यात उद्यान आणि वाडा मात्र हातचा गेला. एकुलता वारस पहिल्या महायुद्धात, १९१७ साली, जखमी होऊन वारला, आणि १९४६ साली ती मालमत्ता नॅशनल ट्रस्टला देण्यात आली. शेजारची चाइल्ड पेढी १९२४ साली दुसऱ्या बँकेच्या पोटात गेली. तिची १ फ्लीट स्ट्रीट येथील शाखा २०२२ साली बंद झाली. ३७ क्रमांकावर होअरचेच वंशज बसतात, घरदार पणाला लावून.