नळदुर्गचा साहेब: मेडोज टेलर

दरवर्षी हिवाळ्यात आमच्या शाळेची सहल नळदुर्गला जाते. बोरी नदीचा बांध, त्याच्या पोटातला पाणीमहाल, पावसाळा चांगला झाला असेल तर नर-मादी धबधबे. मुलं खूश असतात. मी इब्राहिम आदिलशहाचं नाव सांगतो, बांधाची कारागिरी दाखवतो आणि डबे उघडायला सांगतो. मागच्या खेपेला किल्ल्यात टेलर नावाचा इंग्रज राहायचा असं मी सहज बोलून गेलो. नववीतल्या एका मुलीने विचारलं, "सर, हा मुलुख तर निजामाचा होता ना? मग इथे इंग्रज कलेक्टर कसा?"

उत्तर द्यायला मला बराच वेळ लागला. बस निघाली तरी ते पुरं झालं नव्हतं. म्हणून इथे लिहितो.

फिलिप मेडोज टेलरचा जन्म १८०८ सालचा, लिव्हरपूलचा. वडिलांच्या व्यापाराला उतरती कळा लागली होती. १८२४ मध्ये, सोळावंही पुरं झालेलं नसताना, हा पोरगा मुंबईला एका व्यापाऱ्याच्या पेढीवर कारकुनी करायला आला. पेढीचंच दिवाळं वाजायच्या बेतात होतं. आईकडच्या एका नातेवाइकाचं मुंबई सरकारात वजन होतं. त्याच्या शब्दावर टेलरला निजामाच्या फौजेत जागा मिळाली आणि तो औरंगाबादच्या छावणीत दाखल झाला.

इथे एक गोष्ट नीट समजून घ्यायला हवी, नाहीतर पुढचं काही कळत नाही. ही फौज कंपनीची नव्हती. अंमलदार इंग्रज, हुकूम रेसिडेंटचा, पण पगार निजामाच्या खजिन्यातून. कंपनीच्या पक्क्या नोकरीत जे करार करून येत, त्यांना बढती, पेन्शन, मान, सगळं ठरलेलं असे. टेलर आयुष्यभर त्या उंबरठ्याच्या बाहेर राहिला. जिल्हे चालवले, फौजेत कर्नलपदापर्यंत पोचला, तरी पक्क्या नोकरीवाल्यांच्या लेखी तो बाहेरचाच. कंत्राटी शिक्षक म्हणून ज्यांनी काही वर्षं काढली आहेत त्यांना हे वेगळं समजवायला नको.

त्याने हिंदुस्तानी इतकी झटपट उचलली की लष्करी खटल्यांत दुभाष्याचं काम त्याच्याकडे येऊ लागलं. मग फारसी, पुढे मराठी. या जोरावर वयाच्या विशीआधीच त्याला फौजेतून काढून नैऋत्येकडच्या जिल्ह्यांत पोलिसाच्या कामावर नेमलं. तुळजापूर त्याने त्या फिरतीत पाहिलं. रस्त्यालगत प्रेतं सापडत होती आणि खुनी सापडत नव्हते. त्याचा तपास त्याने सुरू केला होता. पण १८२९ मध्ये नासिरुद्दौला गादीवर आला आणि मुलकी कामावरचे इंग्रज अंमलदार हटवा असं त्याने सांगितलं. मला तर ते रास्तच वाटतं, घर त्याचं होतं. टेलर पलटणीत परतला. ठगांचा छडा लावल्याचं श्रेय स्लीमनला गेलं आणि ही हळहळ टेलरने म्हातारपणापर्यंत जपली.

त्या अनुभवातून १८३९ मध्ये 'कन्फेशन्स ऑफ अ ठग' ही कादंबरी आली. विलायतेत ती खूप गाजली. तिचा निवेदक अमीर अली, मुसलमान ठग. कादंबरी उत्तम आहे, पण माझा तिच्याशी झगडा आहे. सबंध मुलुख म्हणजे गळफास घेऊन फिरणारी टोळी, ही समजूत इंग्रजी वाचकाच्या डोक्यात पक्की बसवण्यात तिचा हात मोठा. विशेष म्हणजे ज्याने हे लिहिलं, तो या मुलुखाला आतून ओळखत होता. त्याची बायको मेरी ही हैदराबादचा सावकार विल्यम पामर याची मुलगी. पामरचा बाप पुण्याच्या दरबारात कंपनीचा रेसिडेंट होता आणि आई फैज बख्श बेगम. म्हणजे टेलरसाहेबाच्या बायकोची आजी मुसलमान बेगम.

आता पामर हे नाव लक्षात ठेवा. दिवाण चंदूलालच्या काळात निजाम सरकार फौजेच्या पगारासाठी ज्या पेढ्यांकडून कर्ज काढत होतं, त्यांतली सगळ्यात मोठी पामरची. पेढी पुढे बुडाली, पण फौज राहिली, तिचा खर्च राहिला, कर्ज चढतच गेलं. अखेर १८५३ मध्ये डलहौसीने त्या थकबाकीपोटी वऱ्हाड, रायचूर दुआब आणि नळदुर्ग-धाराशिवचा पट्टा निजामाकडून लिहून घेतला. नळदुर्गचा डेप्युटी कमिशनर म्हणून नेमणूक झाली टेलरची. ज्या फौजेच्या पगारापोटी जिल्हा गेला, त्याच फौजेचा पगारदार जिल्ह्यावर हाकीम म्हणून बसला. मुलीच्या प्रश्नाचं उत्तर हे आहे. बसमध्ये मला ते इतक्या सरळ जमलं नाही.

हाकीम म्हणून तो वाईट नव्हता, हे कबूल करायला हवं. रस्ते काढले, तळी-पाण्याकडे लक्ष दिलं, जमिनीची मोजणी हाती घेतली. रयतेची फिर्याद तिच्याच भाषेत ऐकणारा साहेब त्या काळी दुर्मीळच. १८५७ च्या उन्हाळ्यानंतर त्याला बुलढाण्याला धाडलं. हाताशी गोरी फौज नाही, तरी वऱ्हाडचा तो भाग शांत राहिला.

पण त्याच्या आयुष्यातली खरी गोष्ट सुरपूरची आहे. आज ते यादगीर जिल्ह्यात येतं. बेडर नायकांचं हे संस्थान. याच घराण्याच्या वाकिनखेड्याला औरंगजेबाने १७०५ मध्ये आपला शेवटचा मोठा वेढा घातला होता. १८४० च्या दशकाच्या सुरुवातीला टेलर तिथे गेला. राजा व्यंकटप्पा नायक तेव्हा लहान होता आणि कारभारात घोळ. १८५३ पर्यंत टेलरनेच संस्थान चालवलं आणि त्या पोराला वाढवलं. पोर त्याला 'अप्पा' म्हणायचं. टेलरचं तिथलं घर टेलर मंझिल या नावाने आजही ओळखलं जातं.

१८५८ मध्ये तरुण व्यंकटप्पाने इंग्रजांविरुद्ध हत्यार उचललं. उठाव मोडला, राजा हैदराबादला पळाला आणि पकडला गेला. टेलर त्याला कैदेत भेटायला गेला. फाशीची शिक्षा आधी जन्मठेपेवर आणि मग चार वर्षांच्या कैदेवर आली. ती भोगायला त्याला मद्रासकडे नेत असताना वाटेत पहाऱ्यावरच्या अंमलदाराच्या पिस्तुलाने गोळी लागून त्याचा अंत झाला. त्याने स्वतःच ती झाडून घेतली अशी नोंद झाली. सुरपूरवर कमिशनर नेमला गेला तो पुन्हा टेलरच.

माझा एक सहकारी म्हणतो, टेलरने त्याला वाचवायला हवं होतं. दुसरा म्हणतो, नोकर माणूस काय करणार? मला वाटतं, व्यंकटप्पाला वाढवताना टेलरने त्याला राज्य कसं चालवायचं ते शिकवलं आणि ते राज्य खरोखर त्याचं आहे असं वाटू दिलं. मुलाने ते खरं मानलं. टेलरला वेगळं सांगता आलं असतं का, हे मला सांगता येत नाही. वर्गात मीही मुलांना संविधान शिकवतो, तेव्हा कधी कधी हा माणूस आठवतो.

१८६० मध्ये नळदुर्ग आणि रायचूर दुआब निजामाला परत मिळाले, सुरपूरही त्याच्याच पदरात पडलं. टेलर त्याच साली खचलेल्या तब्येतीने मायदेशी गेला आणि लिहीत बसला. १८६३ ची 'तारा' मराठी वाचकाने मुद्दाम पाहावी अशी आहे. शिवाजी महाराज आणि अफजलखान यांचा काळ. नायिका तुळजापूरच्या शास्त्रीबुवांची मुलगी, नायक अफजलखानाचा मुलगा फाजिल. तो तिला सती जाण्यापासून वाचवतो आणि दोघांचं लग्न होतं. आज कुणी अशी कादंबरी लिहिली तर प्रकाशक मिळेल का, हा विचार मनात येऊन जातो. चांदबीबीवरची 'अ नोबल क्वीन' त्याच्या मृत्यूनंतर छापून आली, आत्मचरित्रही तसंच.

डोळे जवळजवळ गेले असताना १८७५ मध्ये तो सालारजंगच्या बोलावण्यावरून पुन्हा हैदराबादला आला. प्रकृतीने साथ दिली नाही. परतीच्या वाटेवर, मे १८७६ मध्ये, फ्रान्सच्या किनाऱ्यावर मांतों इथे तो वारला.

ती मुलगी यंदा दहावीला आहे. परवा तिने विचारलं, यावेळच्या सहलीला दहावीची मुलं आली तर चालतील का? सुरपूर नळदुर्गहून किती लांब आहे, हेही विचारून ठेवलंय.