अंगण कुणाचे?

२०२०च्या टाळेबंदीत मी डहाणू-तलासरीकडच्या भावी शिक्षकांचे ऑनलाइन तास घेत होतो. "काही शंका?" विचारले की सारे गप्प. मला वाटे, यांना आस्थाच नाही.

मग इथलाच इतिहास आठवला. १९४५ मध्ये ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डीत बालशिक्षणाचे काम सुरू केले. वस्तीतली मुले बालवाडीत येईनात, तेव्हा त्यांनी बालवाडीच वस्तीच्या अंगणात नेली. तीच अंगणवाडी. पुढे १९५७ साली काम कोसबाडच्या टेकडीवर गेले. गुरे राखणाऱ्या मुलांसाठी तिथे कुरणातच शाळा भरली.

माझे प्रश्न मात्र माझ्याच अंगणातले होते. मी ते बदलले. "वारली बोलणारी मुलगी पहिलीच्या वर्गात गप्प बसते, तुम्ही काय कराल?" चार-चार जणांचे गट केले. उत्तराला दोन दिवस दिले. नेटवर्क नसेल तर आवाज रेकॉर्ड करून ठेवा, जमेल तेव्हा पाठवा, वारलीतही चालेल, असे सांगितले.

एकीने वारलीतच सांगितले, ती गप्प मुलगी मीच होते. मग इतरही बोलू लागले.

जे शिक्षक गप्प बसूनच शिकले, ते मुलांना बोलते कसे करणार?