टाळाची पारख : खानदेशातील एका घनवाद्याच्या इतिहासाविषयी

१

फैजपूरचे नाव आधुनिक इतिहासाच्या ग्रंथांत येते ते १९३६ च्या डिसेंबरमध्ये तेथे भरलेल्या काँग्रेसच्या अधिवेशनामुळे. हे काँग्रेसचे पन्नासावे अधिवेशन आणि खेड्यात भरलेले पहिले. अध्यक्षस्थानी जवाहरलाल नेहरू होते, नगराची सजावट नंदलाल बोस यांनी ग्रामीण साहित्यातून केली होती, आणि खादी व ग्रामोद्योग यांचे प्रदर्शन महात्मा गांधींच्या हस्ते उघडले गेले होते. हाताने घडविलेल्या वस्तूचे मोल कशावरून ठरवावे, हा प्रश्न त्या प्रदर्शनाच्या मुळाशी होता. प्रस्तुत निबंधात हाच प्रश्न एका लहानशा वस्तूच्या संदर्भात विचारावयाचा आहे. ही वस्तू म्हणजे वारकऱ्याचा टाळ.

फैजपूर, सावदा, रावेर हा तापीच्या उत्तरेकडील पट्टा आज केळीच्या बागांसाठी प्रसिद्ध आहे. पण मुक्ताबाईंचे स्थान याच परिसराजवळ, पूर्वीच्या एदलाबादला म्हणजे आजच्या मुक्ताईनगरला आहे, आणि तेथून निघणारी पालखी महिन्याहून अधिक काळ चालत पंढरपूरला पोहोचते. तेव्हा या भागात भजन आणि दिंडी यांची परंपरा गावोगाव असावी, यात नवल नाही. या परंपरेतील अभंगांवर, संतचरित्रांवर व कीर्तनपद्धतीवर विपुल लेखन झाले आहे. वाद्यांपैकी पखवाज आणि वीणा यांनाही थोडेबहुत स्थान मिळाले आहे. टाळाविषयी मात्र सहसा एकच वाक्य आढळते : तो लय धरण्यासाठी वापरतात. ज्या वाद्यावर राग वाजत नाही, त्याचा इतिहास तो काय असणार, अशी समजूत या मौनामागे दिसते. ती समजूत तपासून पाहणे अवश्य आहे.

२

आरंभ शब्दापासून करणे सोयीचे होईल. संस्कृत ‘ताल’ या एका शब्दाचे मराठीत निरनिराळे वारस आहेत. ‘ताल’ हा तत्सम शब्द मात्रांच्या आवर्तनासाठी राहिला. ‘टाळ’ हा तद्भव वाद्याला मिळाला. ‘टाळी’ तळहातांच्या आघाताला मिळाली. ‘ताळमेळ’, ‘ताळतंत्र’ यांतील ‘ताळ’ही याच गोत्रातील दिसतो. म्हणजे तळहातांचा आघात, त्याचे मोजमाप आणि त्या आघातासाठी घडविलेली धातूची वस्तू या तिन्ही कल्पना भाषेने एका कुळात ठेवल्या आहेत.

स्वरांमधील ‘ल’चा मराठीत ‘ळ’ होतो, हा नियम परिचित आहे : फल–फळ, काल–काळ. आरंभीच्या ‘त’चा ‘ट’ होणे मात्र तितके नियमित नाही. तथापि तिलक–टिळा, तालु–टाळू आणि ताल–टाळ ही उदाहरणे एकत्र ठेवली, म्हणजे पुढच्या मूर्धन्य ‘ळ’ने मागच्या दंत्य ‘त’ला आपल्याकडे ओढले असावे, असे अनुमान करता येते. ‘तळ’, ‘तळे’ हे शब्द या ओढीतून सुटले आहेत. म्हणून तिला नियम न म्हणता प्रवृत्ती म्हणावे.

खानदेशातील बोलींमध्ये या ‘ळ’चा पुष्कळदा ‘य’ होतो. ‘डोळा’ हा ‘डोया’ होतो, ‘केळी’ ही ‘केयी’ होते, आणि त्याच न्यायाने ‘टाळ’ हा ‘टाय’ होतो. येथे एक गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. ज्या ‘ळ’मुळे ‘त’चा ‘ट’ झाला, तो ‘ळ’ या उच्चारात उरलेला नाही. त्याने घडविलेला ‘ट’ मात्र कायम आहे. याचा अर्थ ‘ट’ आधी झाला आणि ‘य’ नंतर आला. कारण नाहीसे झाले तरी कार्य टिकून राहते, असे हे उदाहरण आहे. टाळाच्या पारखीतही याच जातीचा प्रकार पुढे दिसेल.

३

भरताच्या नाट्यशास्त्रात वाद्यांचे तत, अवनद्ध, घन आणि सुषिर असे चार वर्ग केले आहेत. टाळ हा घन वर्गातला. ‘घन’ शब्दाच्या मुळाशी आघाताचा अर्थ आहे, आणि लोहाराच्या हातातला ‘घण’ हा त्याचाच मराठी अवतार होय. यादव राजा सिंघण याच्या आश्रयाने देवगिरीस तेराव्या शतकात ‘संगीतरत्नाकर’ लिहिणाऱ्या शार्ङ्गदेवाने वाद्याध्यायात घनवाद्यांचा स्वतंत्र विचार केला आहे, आणि ताल व कांस्यताल अशी दोन वाद्ये वेगवेगळी गणली आहेत. आजच्या मराठीतही जाड, वाटीदार व लहान तो ‘टाळ’, आणि पातळ, पसरट व मोठी ती ‘झांज’ असा भेद आपण करतो. दोन्ही भेद एकच आहेत असे म्हणता येणार नाही. परंतु अशा वाद्यांना एका नावाखाली गोळा करू नये, ही जाणीव जुनी आहे एवढे खरे.

चित्रांचा पुरावा याहूनही जुना आहे. खानदेशाच्या दक्षिण सीमेला लागून असलेल्या अजिंठ्याच्या पहिल्या लेण्यात महाजनक जातकाच्या प्रसंगात नर्तकीभोवती वाद्यवृंद रंगविलेला आहे. त्यात बासरी आणि चर्मवाद्ये यांच्याबरोबर टाळही आहेत. परंतु चित्रावरून टाळाचा आकार कळतो, आवाज कळत नाही. त्याची जाडी किती होती, नाद किती वेळ टिकत होता, वादकाने तो का निवडला होता, या प्रश्नांना भिंत उत्तर देत नाही. घनवाद्याच्या इतिहासकारापुढची अडचण ही अशी आहे. वस्तू उरते, चित्र उरते. पारख उरत नाही. ती उरलीच तर वापरणाऱ्यांच्या कानात आणि त्यांच्या शब्दांत उरते.

४

पारखीला एवढे महत्त्व का द्यावे, याचे कारण वाद्याच्या रचनेतच आहे. वीणेची तार खुंटीने चढविता-उतरविता येते. पखवाजाच्या वादीतील गठ्ठे ठोकून स्वर चढविता येतो, डाव्या पुडीला कणीक लावून तो खाली आणता येतो. टाळाला खुंटी नाही, वादी नाही आणि कणीकही नाही. त्याचा स्वर ओतताना व ठोकताना ठरला तो ठरला. म्हणून इतर वाद्ये आपण विकत घेतो आणि मग लावतो. टाळ मात्र निवडतानाच लावला जातो. निवड हेच त्याचे स्वरमेलन होय. या निबंधाचे मुख्य प्रतिपादन एवढेच आहे.

निवडीत तीन गोष्टी पाहाव्या लागतात. पहिली धातू. काशात साधारणपणे चार भाग तांबे आणि एक भाग कथील असते. पितळेत तांब्याबरोबर जस्त असते. काशाचा नाद अधिक वेळ टिकतो, पण ते ठिसूळ असते. अधिक कथील असलेले काशे तापवून पाण्यात बुडविले म्हणजे त्याचा ठिसूळपणा कमी होतो. पोलाद याच कृतीने कठीण होते, हे लक्षात घेतले म्हणजे या कारागिरीत किती पिढ्यांचा अनुभव साठला असेल याची कल्पना येते. ‘कासार’ हे जातिनाम ‘कांस्यकार’ शब्दापासून आले आहे, आणि या अनुभवाची तेवढी खूण भाषेत उरली आहे.

दुसरी गोष्ट आकार. सपाट तबकडीची जाडी दुप्पट केली तर तिचा स्वर दुपटीने चढतो. जाडी तीच ठेवून व्यास दुप्पट केला तर कंपनसंख्या चौथाईवर येते. वाटीदार टाळाला हा नियम तंतोतंत लागू नाही, पण दिशा हीच आहे. म्हणून लहान व जाड टाळ उंच आणि टोकदार बोलतो, तर मोठी व पातळ झांज खाली बोलते आणि पसरते.

तिसरी गोष्ट जोडी. दोन टाळांचे स्वर अगदी एक असतील तर नाद सरळ येतो. त्यांच्यात सेकंदाला चार कंपनांचा फरक असेल, तर नाद सेकंदातून चार वेळा डोलतो. हा डोल किती असावा, की मुळीच नसावा, येथे वैयक्तिक आवडीला वाव मिळतो. बाली बेटावरील गामेलान वाद्यवृंदात जोडीची वाद्ये मुद्दाम किंचित वेगळ्या स्वरांत लावतात, आणि त्या डोलाला ‘ओंबाक’ म्हणजे लाट असे नाव आहे. दक्षिणेत भरतनाट्यमच्या नट्टुवनाराच्या हातातील एक टाळ लोखंडाचा तर दुसरा काशाचा असतो. तेथे भेद हाच जोडीचा गुण मानला आहे. संस्कृत संगीतग्रंथांत ‘ताल’ शब्दाची फोड तकार शिव आणि लकार शक्ती अशी केलेली आढळते. ही व्युत्पत्ती भाषाशास्त्राला मान्य होण्यासारखी नाही. परंतु तालाच्या मुळाशी दोन निराळ्या तत्त्वांचा संयोग आहे, ही कल्पना तिच्यात व्यक्त झाली आहे.

५

हा प्रश्न केवळ आपल्याकडचा नाही. पाश्चात्य ड्रमसेट वाजविणारा वादक आपल्या ढोलांची कातडी किल्लीने ताणू शकतो. त्याच्या झांजा मात्र त्याला निवडाव्याच लागतात. संगतीचा ठेका धरण्यासाठी तो तुलनेने जाड झांज घेतो, म्हणजे काठीचा प्रत्येक आघात स्पष्ट उमटतो. एकदाच स्फोट करून विरून जाणाऱ्या आवाजासाठी तो पातळ झांज घेतो. पायाने मिटणाऱ्या जोडीत वरची हलकी आणि खालची जड ठेवण्याचा प्रघात आहे. या झांजांचे मूळ तुर्कस्तानात आहे. इस्तंबूलमधील एका आर्मेनियन कारागिराच्या घराण्याला सतराव्या शतकात ‘झिल्जियान’ हे नाव मिळाले. तुर्की भाषेत ‘झिल’ म्हणजे झांज, ‘जी’ हा कारागीरवाचक प्रत्यय आणि ‘यान’ हा आर्मेनियन कुलवाचक प्रत्यय. अर्थाने हे नाव आपल्या ‘कासार’ आडनावाचे शेजारी ठरते. ‘झिल’ आणि ‘झांज’ यांच्यात मात्र ध्वनिसाम्यावरून नाते जोडण्याचा मोह टाळावा. ‘झांज’ हा अनुकरणवाचक शब्द आहे, आणि अशा शब्दांत योगायोगाने साम्य येते.

तुर्की सैन्याच्या वाद्यवृंदातून या झांजा अठराव्या शतकात युरोपच्या लष्करी बँडमध्ये शिरल्या, आणि इंग्रजांच्या लष्करी बँडबरोबर हिंदुस्थानात आल्या. लग्नाच्या वरातीतील बँडमध्ये जी मोठी झांज वाजते, तिची वंशावळ या वाटेने जाते. एकाच गावात एकाच दिवशी मंदिरात टाळ आणि रस्त्यावर बँडची झांज ऐकू येते, तेव्हा दोन भिन्न इतिहास शेजारी वाजत असतात.

पण दोहोंच्या निवडीत एक मूलभूत भेद आहे. ड्रमवादक एकटा निवडतो. त्याच्या झांजेचा आवाज ही त्याची ओळख असते. टाळकऱ्याची निवड दिंडीत पारखली जाते. दहावीस टाळांमध्ये एखादाच वेगळा ऐकू आला, तर तो त्याचा गुण ठरत नाही. शिवाय टाळाने अभंगाचा शब्द झाकू नये, ही मोठी मर्यादा आहे. मोकळ्या रस्त्यावर नाद पसरून जातो, तेव्हा खणखणीत आणि टिकाऊ टाळ हवा. सभामंडपात भिंती नाद परत करतात, तेव्हा तोच टाळ शब्दांवर चढतो आणि हाताने मिटून वाजवावा लागतो. वैयक्तिक आवड येथेही आहे. परंतु ती समूहाच्या कानातून गाळून घेतलेली आवड आहे.

६

ही पारख एका पिढीकडून दुसरीकडे कशी जाते? ग्रंथातून नव्हे, शब्दातून. मराठीत धातूच्या नादाचे शब्द विपुल आहेत : किणकिण, खणखण, घणघण, छनछन, झणझण, ठणठण. त्यांतील ‘किणकिण’, ‘खणखण’, ‘घणघण’ ही माळ पाहावी. लहान व उंच नादाला ‘इ’ स्वर आणि अल्पप्राण व्यंजन. मध्यम नादाला ‘अ’ आणि महाप्राण. मोठ्या नादाला महाप्राण असून घोषही. येस्पर्सन यांनी १९२२ मध्ये ‘इ’ स्वराच्या लघुत्वसूचकतेकडे लक्ष वेधले, आणि सपीर यांनी १९२९ मध्ये प्रयोगांनी त्यास पुष्टी दिली. टाळ निवडणाऱ्याला हे नावानिशी माहीत नसते, पण त्याची भाषा हेच मोजमाप वापरते. ‘हा किणकिणतो, तो खणखणतो’ या वाक्यात जाडी, व्यास आणि स्वर यांचा निर्णय आलेला असतो.

दोषाचे शब्द तर अधिकच नेमके आहेत. टाळाला बारीक चीर गेली की तो ‘बद्द’ वाजतो. डोळ्याला न दिसणारी चीर हा शब्द कानाला दाखवितो. आवाज ‘चिरका’ असणे निराळे आणि ‘बद्द’ असणे निराळे : पहिला दोष घडणीचा, दुसरा बहुधा मोडीचा. आघातानंतर मागे राहणाऱ्या नादाला गवई-वादक ‘आस’ म्हणतात. आस लांब की आखूड, हे पाहिल्यावाचून जाणता टाळकरी जोडी उचलत नाही. तो ती दोरीने लोंबती धरतो, कडेवर कड हलकेच टेकवितो आणि बोलणे थांबवून ऐकतो. बाजारात ही कृती पाहण्याचा योग मला अनेकदा आला आहे. आणि तीच जोडी केवळ वजन आणि चकाकी पाहून घेतली जातानाही पाहिली आहे. वजन काट्यावर कळते, चकाकी डोळ्यांना दिसते. त्यांना शब्द लागत नाहीत, आणि म्हणून गुरूही लागत नाही.

७

आरंभी पाहिलेल्या ‘टाय’ या उच्चाराकडे आता परत वळावे. तेथे कारण गेले आणि कार्य राहिले. टाळाच्या बाबतीतही पारख करणारा कान उद्या गेला, तरी त्याने निवडलेले जुने टाळ मंदिरांच्या खुंट्यांवर काही काळ राहतील. परंतु नवे टाळ कोणत्या कसोटीने घ्यावयाचे, हे त्या खुंट्या सांगणार नाहीत. फैजपूरच्या प्रदर्शनाने १९३६ मध्ये हाताने घडविलेल्या वस्तूचे मोल विचारले होते. त्या प्रश्नाचे निम्मे उत्तर घडविणाऱ्याकडे असते आणि निम्मे पारखणाऱ्याकडे. पारखणारा नसेल तर उत्तम कासारालाही उत्तम टाळ घडविण्याचे कारण उरत नाही.

सबब आपल्या विभागातील अभ्यासकांपुढे एक काम स्पष्टपणे ठेवावेसे वाटते. तापीकाठच्या गावांतील टाळकऱ्यांकडून नादाचे आणि नाददोषाचे शब्द त्यांच्याच उच्चारात टिपून घ्यावेत, आणि प्रत्येक शब्द ज्या टाळासाठी वापरला गेला त्याचा व्यास, जाडी व वजन मोजून त्याचा नाद ध्वनिमुद्रित करावा. शब्द आणि वस्तू अशा रीतीने शेजारी ठेवल्या, म्हणजे घनवाद्याचा जो इतिहास चित्रांतून आणि ग्रंथांतून हाती येत नाही, तो निदान एका पिढीपुरता तरी बोलका होईल. हे काम बोली ज्यांच्या तोंडी आहे त्यांच्या हयातीतच होण्यासारखे आहे.