घर मिळाले, शेजार गेला

आमच्या इंदापूर तालुक्यातली गावे उजनी धरणाच्या पाण्याने उठली. पुण्यात हेच काम १२ जुलै १९६१ रोजी पानशेत फुटून झाले. नदीकाठच्या पेठांतले वाडे पडले. पूरग्रस्तांना गोखलेनगर, लोकमान्यनगर, सहकारनगर इथे घरे मिळाली. कळसहून पुण्याला गेलो की तिथली जुनी माणसे म्हणत, घर पक्के आहे हो, पण पेठ लांब पडली. पूर्वी मंडई पायी होत असे, आता बसची वाट पाहायची. २०२४ मध्ये कसबा पेठेखालून मेट्रो धावू लागली. अंतर कमी झाले, ओट्यावरचा शेजार मात्र परत आला नाही. आता जुन्या वसाहतींच्या पुनर्विकासात बोलणी होतात ती चौरस फुटांची. शेजाऱ्यांना एकाच मजल्यावर घरे मिळतील का, हेही करारात लिहून घ्यावे.